हाताची भाजी

आधीच कबूल करतो. शाळेत स्वयंपाक करणाऱ्या मावशींची जागा जावी म्हणून मी एकदा लेखी अर्ज दिला होता. चांगला समास सोडून, खाली तारीख आणि सही करून. आता माझी बदली डोंगरकड्याकडे झाली आहे, ती शाळा सुटली, पण बाजारात मेथीची जुडी दिसली की तो अर्ज आठवतो आणि पाठोपाठ मावशी आठवतात. मावशी आठवल्या की पहिल्यांदा राग येतो. बाकीचं सगळं नंतर.

साखरा गावाच्या अलीकडे रस्ता सोडून आत गेलं की ती शाळा. दोन खोल्या, तेवीस मुलं, मुख्याध्यापक आणि मी. आणि आम्हा सगळ्यांच्या वर मावशी. त्यांची नेमणूक एकेका वर्षाची. दर जूनमध्ये गावातली शाळा समिती बसायची आणि मावशींना आणखी एक वर्ष द्यायचं की नाही ते ठरवायची. समितीतल्या एका सदस्याच्या भावजयीला ती जागा हवी होती, हे गावातल्या कुत्र्यामांजरांनाही ठाऊक होतं. मावशींना नवरा नाही, एक मुलगी होती ती लग्न होऊन दूर गेलेली, शेत नावापुरतं. ही जागा गेली की साठीच्या वयात दुसऱ्याच्या रानात सोयाबीन काढायला जायचं, एवढाच त्यांच्यापुढचा रस्ता. तरीही बाई कुणाशी नमतं घेऊन बोलायच्या नाहीत.

स्वयंपाकखोलीत त्यांचं राज्य होतं. मिठाचा डबा चुलीच्या उजव्या हाताला, भिंतीपासून एक वीत. मी एकदा तो सरकवून वही ठेवायला जागा केली, तर त्या दिवशीच्या वरणात साखर पडली आणि तेवीस मुलांसमोर माझा उद्धार झाला. "सर, तुमच्या फळ्यावरचा खडू मी हलवते का?" दारात उभं राहिलेलं त्यांना खपायचं नाही. "उजेड सोडा," असं मला, माझ्या वरच्या साहेबांना आणि एकदा तर सरपंचांनाही सांगितलेलं मी ऐकलं आहे. तांदूळ निवडताना नजर बाहेर रस्त्यावर आणि बोटं सुपात. मी आल्याचं त्यांना न बघताच कळायचं. नवी चप्पल घेतली तेव्हा मी दाराशी पोचायच्या आत आतून आवाज आला, "जुनी बरी वाजत व्हती, सर."

जेवण वाढण्याआधी शिक्षकाने चव घेऊन वहीत नोंद करायची असते. मी घास घ्यायचो आणि 'चांगली' असं लिहून सही करायचो. मावशींना ते पुरायचं नाही. "चांगली म्हंजे काय? रंग कसा आला? हळद जास्त झाली का?" आता रंग काय, समोर पातेलं उघडं होतं. मी म्हणायचो, "तुम्हीच बघा की मावशी." त्या म्हणायच्या, "सही तुमची हाय, बघायचं तुमी." वादात त्यांना हरवणं मला एकदाही जमलं नाही.

आणि अशा बाईंच्या स्वयंपाकखोलीमागे मला परसबाग करायची होती.

वरून पत्र आलं होतं, की प्रत्येक शाळेने मुलांच्या जेवणासाठी भाजीपाला पिकवावा. मुख्याध्यापकांनी पत्र वाचलं, घडी घातली आणि माझ्या हातात दिलं. "तुम्ही तरुण आहात," म्हणाले. मी हिंगोलीत वाढलेला. वडील कारकून, भाड्याच्या दोन खोल्या, दारात तुळशीपुरती माती. भाजी पिशवीतून येते एवढंच माझं शेतीचं शिक्षण. पण मोबाइलमध्ये काय मिळत नाही. 'पहिल्यांदाच बाग करताय? लावा या सोप्या दहा भाज्या' असा एक व्हिडिओ मी तीनदा पाहिला आणि यादी करून स्वयंपाकखोलीत गेलो. शेवटी रांधायचं मावशींना, तेव्हा विचारलेलं बरं, असा माझा सभ्य विचार.

"मेथी," मी वाचलं.

"मेथी नको."

"मावशी, सगळ्यात सोपी आहे. टाकली की चार दिवसात उगवते."

"उगवते व्हय. निवडायला कोण येईल, तुमी?"

"बरं, पालक."

"पालक खाल्ला की लेकरं तिसऱ्या तासाला झोपतेत."

असं कुठल्याच पुस्तकात नाही, हे मी सांगून पाहिलं. पुस्तक लिहिणाऱ्याने तेवीस लेकरायला जेवू घातलंय का, असं त्यांनी विचारलं. शेपूचा वास सरांच्या वर्गात जातो म्हणून शेपू गेला. चुक्याने दात आंबतात आणि पाढे नीट येत नाहीत म्हणून चुका गेला. कोथिंबिरीवर मी आशा ठेवून होतो, ती कोण नाकारेल. "कोथिंबिरीत गवत लई माजतं," म्हणून तीही गेली. दहापैकी सात सोप्या भाज्या पाच मिनिटांत बाद. राहिली गवार, भेंडी आणि दोडका. त्यावर मावशींनी खाली वाकून दोडक्याची शीर चाचपावी तशी हवेत बोटं फिरवली आणि समाधानाने म्हणाल्या, "ही हाताची भाजी हाय. ही लावा."

हाताची म्हणजे काय ते मी विचारलं नाही. माझं डोकं तापलं होतं. ही बाग माझी होती, पत्र माझ्या नावावर होतं, आणि चूल फुंकणारी बाई मला शिकवत होती. हो, असंच आलं होतं मनात. मी साखऱ्याला जाऊन मेथीचं बी आणलं आणि मुलांच्या हात धुण्याचं पाणी जिथे जायचं तिथे चार वाफे करून सगळीकडे मेथीच टाकली.

ती उगवली. आयुष्यात माझ्या हातून पहिल्यांदा काहीतरी उगवलं. मधल्या सुट्टीत मी वाफ्यांजवळ जाऊन उभा राहायचो, घरी फोटो पाठवायचो, मुख्याध्यापकांना ओढून आणून दाखवायचो. मेथी वीतभर झाली. मावशी मात्र रोज डाळच करायच्या. आज मेथी करा म्हटलं की आज सरपण ओलं आहे, आज मेथीला अमावास्या लागते, आज कढई जड आहे. दोन आठवडे मी हे ऐकलं. मेथीला फुलं दिसायला लागली तसा माझा धीर सुटला. सकाळी लवकर येऊन मी सगळी मेथी उपटली, पंधरा ऑगस्टच्या पताकांची उरलेली दोरी होती तिने जुड्या बांधल्या आणि तो ढीग मावशींसमोर नेऊन टाकला.

"आज हीच करायची. हा आदेश आहे," मी म्हणालो. आदेश हा शब्द मी त्याआधी कधी वापरला नव्हता.

मावशी ढिगाकडे बघत थोडा वेळ बसून राहिल्या. मग म्हणाल्या, "बराबर हाय. तुमचा आदेश."

दुपारी ओळीत बसलेल्या मुलांसमोर मी चवीचा घास घेतला. काहीतरी चिवट लागलं. दाताने ओढलं तर ते संपेना. मी दोन बोटांनी धरून ओढत राहिलो आणि माझ्या तोंडातून पताकांची हिरवी दोरी निघत राहिली, हातभर. आधी एक मूल हसलं आणि मग सगळी ओळ आडवी झाली. मुलांना त्या दिवशी नुसता भात आणि गूळ मिळाला.

मावशींनी माफी मागितली असती तर मी तिथेच विसरलो असतो. त्या म्हणाल्या, "भाजीला दोरी कोण बांधते, सर?"

"सगळे बांधतात. बाजारात जुडी कशी असते?"

"ही काय बाजार हाय का? शाळा हाय."

शेवटच्या तासाला मुलांना शुद्धलेखन देऊन मी अर्ज लिहिला. सूचना पाळत नाहीत, उद्धट बोलतात, अन्नात दोरी आढळली. मुख्याध्यापकांनी तो सावकाश वाचला, कपाटात ठेवला आणि म्हणाले, "जूनमध्ये समितीपुढे ठेवू." मला फार बरं वाटलं.

पुढे महिनाभर मावशी आणि मी कामापुरतं बोलत होतो. मग तालुक्याच्या क्रीडा स्पर्धा आल्या आणि मी कापडी बूट घेतले. त्या सकाळी मुलांना न्यायचं म्हणून लवकर आलो आणि न्याहारीला काही आहे का ते बघायला स्वयंपाकखोलीत शिरलो. बुटांचा आवाज नव्हता. मावशी सुपात तांदूळ घेऊन बसल्या होत्या, दारातून ऊन थेट अंगावर. मी त्यांच्यापासून दोन हातांवर उभा.

त्यांची बोटं थांबली. "कोण हाय?"

मी बोललो नाही. आधी रागाने. मी ढळढळीत समोर उभा आहे आणि ही बाई विचारते कोण.

"कोण हाय?" त्यांनी पुन्हा विचारलं. मग सूप बाजूला ठेवून त्या घाईने उठल्या, पदर डोक्यावर घेतला आणि माझ्या खांद्याच्या बाजूला, जिथे कुणीच नव्हतं तिथे बघून बोलू लागल्या. "साहेब आले का तपासणीला? या की. सगळं बराबर हाय साहेब. तांदूळ निवडलेला हाय, भांडे घासलेले हायेत. पाणी झाकलेलं हाय." एकेका वाक्याला त्यांचा हात एकेका वस्तूकडे जात होता. आदल्या संध्याकाळी मुलांनी पाण्याची टाकी कोपऱ्यात हलवली होती. पाण्याकडे म्हणून मावशींनी हात केला तिथे मोकळी जमीन होती.

मला लाज वाटली. इतकी की तसंच मागच्या मागे निघून जावं असं वाटलं.

"मावशी, मी आहे," मी म्हणालो.

त्या मटकन खाली बसल्या. बराच वेळ तांदळातून हात फिरवत राहिल्या. "बूट वाजत न्हाईत तुमचे," एवढंच म्हणाल्या.

"कधीपासून दिसत नाही?"

"उजवा दोन वर्सांपासून बंद हाय. डाव्यात धूर भरलाय. मोतीबिंदू म्हणून राहिले हिंगोलीचे डॉक्टर. आपरेशन फुकट हाय, पण महिनाभर चुलीपुढं बसू देत न्हाईत. महिना खाली ठेवली तर जागा राहते का, सर?"

मग त्यांनी मला भाज्या समजावून सांगितल्या. जगातल्या भाज्या दोन प्रकारच्या. दोडक्याची शीर बोटाला लागते, गवारीचा दोरा नखाला लागतो, भेंडी कोवळी का जून ते शेंडा मोडला की कळतं. भोपळ्याला तर काही विचारायचंच नाही. ही हाताची भाजी. मेथी, पालक, कोथिंबीर यांत गवत कुठलं, अळी कुठली, सडलेलं पान कुठलं, हे बघावं लागतं. ती डोळ्याची. "तुमी सोपी भाजी म्हणून आले," मावशी म्हणाल्या, "सोपी व्हती तुमाला."

आणि मला आठवलं की तो ढीग मी पुढ्यात टाकला तेव्हा त्या काही वेळ नुसत्या बसून होत्या. तेवीस मुलांच्या पोटात काय जाईल या भीतीने बसल्या होत्या. हिरव्या मेथीत हिरवी दोरी मी बांधली होती.

मी मुख्याध्यापकांकडे अर्ज परत मागितला. ते म्हणाले, बघतो. त्यांचं कपाट ज्यांनी पाहिलंय त्यांना या शब्दाचा अर्थ कळेल. जानेवारी गेला, परीक्षा आल्या, अर्ज सापडेना. आता तरी मावशी शहाण्यासारख्या वागतील असं कुणाला वाटेल. मी म्हणालो, "मेमध्ये शाळा बंद असते. महिनाभर चूल नाही, जागेचा प्रश्न नाही. सुट्टी लागली की ऑपरेशन करून टाका."

"उन्हाळ्यात?" त्यांनी माझ्याकडे, म्हणजे माझ्या आवाजाकडे, वेड्याकडे बघावं तसं बघितलं. "उन्हाळ्यात डोळा चिरला की पिकतो."

"डॉक्टर म्हणतात असं काही नसतं."

"डॉक्टर पंख्याखाली बसते."

मी चिडलो, हात जोडले, डॉक्टरांशी फोन लावून दिला. मावशींनी डॉक्टरांनाच विचारलं, की तुमच्या आईचा डोळा मेमधी चिरला असता का. सगळा मे महिना त्या घरी बसून राहिल्या, डावा डोळा आणखी धुरकटवत. कपाळ बडवून घ्यावं की काय करावं मला समजेना.

जूनमध्ये समिती बसली आणि जो अर्ज एवढे महिने सापडत नव्हता तो मुख्याध्यापकांच्या फाइलमधून पहिल्याच मिनिटाला वर आला. त्यांनी तो मोठ्याने वाचला. माझं अक्षर, माझा समास. मावशी दाराशी भिंतीला टेकून उभ्या होत्या.

भावजयवाल्या सदस्यांनी विड्याचं पान जुळवत विचारलं, "सर, अन्नात दोरी निघाली, लेखी हाय तुमचं. मंग?"

"दोरी मी बांधली होती," मी म्हणालो. "मावशी मेथी नको म्हणत होत्या. मी जबरदस्ती केली. बाकी लिहिलं ते रागात लिहिलं. अर्ज मागे घेतो."

"ते ठीक. पण लोक म्हणतेत, मावशीला दिसत न्हाई. खरं का, मावशी? त्या भितीवर काय लिवलंय, वाचा बरं."

भिंतीवर मुलांनी रंगवलेला सुविचार होता, हातभर अक्षरांत. मावशींनी मान वर केली, भिंतीकडे तोंड केलं आणि शांतपणे म्हणाल्या, "शाळेत कधी घातलं का मला कुणी? तुमच्याच बापानं शाळा बांधली गावात, तवा मी चार लेकरायची आई व्हायच्या वयाची व्हते. मला वाचाया कुठं येते?"

सगळे हसले. सदस्यही हसले, कारण वडिलांचं नाव निघालं होतं. वर्ष वाढवून मिळालं. बाहेर आल्यावर मावशी मला म्हणाल्या, "अक्षर चांगलं हाय म्हणतेत तुमचं." हे त्यांनी मला नंतर वर्षभर ऐकवलं.

त्या पावसाळ्यात बाग मावशींच्या यादीप्रमाणे लागली. दोडका, भोपळा, गवार, भेंडी. मांडव घातला, वेल चढले, दोडके तर असे लागले की मुलं घरी न्यायला लागली. केंद्रप्रमुख बघायला आले आणि म्हणाले, "छान. पण पालेभाजी एकही नाही?"

"पालक खाल्ला की मुलं तिसऱ्या तासाला झोपतात, साहेब," मी म्हणालो. साहेबांनी ते डायरीत लिहून घेतलं.

दिवाळीच्या सुट्टीत, थंडी पडल्याची स्वतः खात्री करून घेऊन, मावशी हिंगोलीला तयार झाल्या. मीच घेऊन गेलो. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पण सुट्टी संपली तरी डॉक्टरांनी सांगितलेले दिवस उरले होते आणि मावशींना घरी राहायला लावणं म्हणजे जागेवर दुसरं माणूस बसवणं. मग असं ठरलं, की मावशी हिरवी पट्टी आणि काळा चष्मा लावून धुरापासून लांब बाहेरच्या ओट्यावर बसतील आणि सकाळी मुलं यायच्या आत चूल मी बघेन. ते दिवस मी विसरणार नाही. ओट्यावरून हुकूम सुटायचे. "हळद टाकली का? वास येईना." "भाताला सारखं हलवू नका, त्याला जरा शांत राहू द्या." "तो चमचा न्हाई, दुसरा. आवाजावरून कळते." भावजयवाले सदस्य एकदा सायकल थांबवून बघत राहिले. म्हणाले, "सर, जूनमधी या जागेला तुमचाच अर्ज येऊ द्या."

चष्मा निघाला त्या सकाळी मावशी सरळ माझ्याजवळ आल्या आणि मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "आवाजावरून म्हातारे वाटत व्हते तुमी." मग स्वयंपाकखोलीच्या मागे गेल्या. मी पाठोपाठ. त्यांच्याच हुकमाने लावलेली ती बाग त्या पहिल्यांदा बघत होत्या. मांडवाखालून चालल्या, एक दोडका हातात धरला आणि डोळ्यांजवळ नेऊन कितीतरी वेळ पाहिला. मला वाटलं, आता काहीतरी बरं बोलतील. एवढ्या दिवसांत एकदा तरी. खरं सांगायचं तर मी त्याची वाट बघत होतो.

मावशी वळल्या. "सर, मेथी काहून लावली न्हाई?"

मी मांडवाकडे नुसतं बोट दाखवलं.

"नुसता दोडका अन् दोडका. लेकरायला पालेभाजी नको का? तुमाला सोपी भाजी लावाया सांगितली तर तीबी जमेना."

माझा पारा असा चढला की दोन वर्षांचं सगळं एकदम ओठांवर आलं, अर्ज, दोरी, मे महिना, डॉक्टरांची आई. त्यातलं एकही वाक्य धड निघालं नाही. मी एवढंच ओरडलो, "आणि निवडायला कोण येईल, तुम्ही?"

"मी हाय की," मावशी म्हणाल्या.

त्याच दिवशी शाळा सुटल्यावर मी साखऱ्याला जाऊन मेथीचं बी आणलं. जुड्या बांधायला दोरीही घेतली, लाल रंगाची.